जुन्या संचात नवं नाटक

मराठी नाटकाच्या जाहिरातीत दोन शब्द हमखास सापडतात : ‘नव्या संचात’. नाटक तेच, चाळीस वर्षांपूर्वीचं. संवाद तेच, हशे तेच, मध्यंतरातला बटाटेवडाही तोच. फक्त नट बदललेले. हे दोन शब्द वाचले की आपण निर्धास्त होतो, कारण आज काही नवं ऐकावं लागणार नाही याची ती लेखी हमी असते. आता जरा उलटं करून पाहा. संच जुना आणि नाटक नवं. माणसं ओळखीची, केस पांढरे झालेली, पण तोंडात कधी न ऐकलेले संवाद. किती तिकिटं जातील? मला विचारा. हा प्रयोग मी २०१२ साली नागपूरच्या धंतोलीत, माझ्या घरच्या बैठकीत लावला होता. प्रवेश फुकट होता, वर समोसे होते. चार प्रेक्षक आले आणि चौथ्या मिनिटाला प्रयोग पडला.

नाटकाचं नाव ‘इव्हॉल्व्ह’. मुंबईच्या इंडस क्रीड या रॉक बँडचा अल्बम, आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी आलेला. आठ गाणी. प्रेक्षक म्हणजे माझे कॉलेजातले मित्र : एक हाडांचा डॉक्टर, एक सीए, एक बांधकामवाला आणि चौथा काय करतो ते त्याच्या बायकोलाही नीट ठाऊक नाही. पहिलं गाणं ‘फायरफ्लाइज’. लावलं. चौघे शहाण्यासारखे बसले. दुसऱ्या मिनिटाला सीएने मोबाइल काढला. तिसऱ्या मिनिटाला डॉक्टरने चिंचेची चटणी मागितली. चौथ्या मिनिटाला बांधकामवाला म्हणाला, “काय लावून राहिला बे हे? ते ‘प्रिटी चाइल्ड’ लाव न!”

बाकी तिघांच्या माना अशा डोलल्या की जणू कोणीतरी विठ्ठलाचं नाव घेतलं.

हे चौघे कोणी ऐरेगैरे नव्हेत, हे आधी सांगायला हवं. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आला तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. रॉक मशीन हे बँडचं तेव्हाचं नाव. १९८४ साली मुंबईत जमलेली ही पोरं. त्या काळी आपल्याकडचा रॉक बँड म्हणजे डीप पर्पल किंवा लेड झेपलिनची गाणी हुबेहूब वाजवून दाखवणारा बँड. जितकी नक्कल बेमालूम तितक्या टाळ्या जास्त. असल्या दिवसांत या पोरांनी स्वतःची गाणी लिहून त्यांची कॅसेट काढली. आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. कॅसेटच्या कागदावर गिटारवाल्याचं नाव होतं महेश तिनईकर. ‘कर’वर संपणारं आडनाव असलेला माणूस इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आणि त्याचं नाव छापून येतं! गायक उदय बेनेगल. आमच्या होस्टेलात ती एक कॅसेट इतक्यांदा उतरवली गेली की शेवटच्या प्रतीत गाण्यापेक्षा खरखर जास्त होती. सीताबर्डीवर नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर पाहिजे ती गाणी भरून मिळत, तिथेही आम्ही हीच यादी घेऊन जात असू. बँडच्या खिशात त्यातला किती पैसा गेला असेल? शून्य. आमचं प्रेम असं फुकटात सुरू झालं आणि पुढेही फुकटातच राहिलं.

१९९० साली ‘द सेकंड कमिंग’ आला. पुढे केबल आली, एमटीव्ही आला. १९९३ साली बँडने नाव बदललं, इंडस क्रीड झालं, आणि त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान मिळाला. हाडांचा डॉक्टर तेव्हा मेडिकलला इंटर्न होता. त्याने त्या रात्री वॉर्डात पेढे वाटले असं तो अजून सांगतो. सांगताना पेढ्यांचा आकडा दरवर्षी वाढतो. १९९५ साली बँडच्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७ पर्यंत सगळं आटोपलं. ‘मेड इन इंडिया’ या अल्बमच्या यशानंतर कंपन्यांचा पैसा हिंदी पॉपकडे वळला होता आणि इंग्रजीत गाणाऱ्यांचे फोन कोणी उचलेना. बेनेगल न्यूयॉर्कला गेला. तिथे बँडमधल्याच जयेश गांधीबरोबर ‘आम्स फॉर शांती’ नावाचा वेगळा संसार मांडला. मग परत आला. २०१० साली बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे दोघे नवे. दोन वर्षांनी ‘इव्हॉल्व्ह’. मिक्सिंग केलं टिम पामरने. पर्ल जॅमचा ‘टेन’ ज्याने मिक्स केला तोच हा पामर. म्हणजे हौस म्हणून उरकलेलं काम नव्हतं. पदरचं घालून, नीट वेळ देऊन केलेलं काम होतं.

यांनी परतून काय केलं? सोपा रस्ता समोर होता. ‘टॉप ऑफ द रॉक’चा भाऊ शोभेल असं एक गाणं, ‘प्रिटी चाइल्ड’ची बहीण शोभेल असं दुसरं, मधे दोन हळवी, शेवटी टाळ्यांचं एक. पन्नाशीकडे झुकलेली आमची पिढी पाकीट उघडून उभीच होती. यांनी तो रस्ता सोडला. सूर गंभीर, ताल वाकडे, गाणी लांब. बेनेगलने विशीतली किंकाळी मारायचं सोडून दिलं. तिनईकरच्या गिटारने धावायचं सोडून थांबायला शिकून घेतलं. अल्बमचं नावच ‘उत्क्रांती’ सांगणारं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने चाळिशी ओलांडल्यासारखं वाजवलं, हा त्यांचा गुन्हा.

शिक्षा आम्ही दिली. ओरडून नाही, निषेध करून नाही; चटणी मागून.

त्याच वर्षाची पुढची गोष्ट ऐका. डिसेंबर २०१२ मध्ये गन्स एन रोझेस मुंबईत आले. हे चारही वीर विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेले. तिकिटं, हॉटेल, टॅक्सी, काळे टीशर्ट, सगळं पदरच्या पैशाने. आणि स्टेजवर कोण होतं? पहिल्या प्रसिद्ध संचातला एकटा ॲक्सल रोझ. स्लॅश नाही, डफ नाही, इझी नाही. ‘नव्या संचात’चा याहून शुद्ध नमुना कुठे मिळेल? नाटक जुनं होतं, म्हणून चौघे तृप्त होऊन परतले. मी विचारलं, नवीन अल्बममधली गाणी झाली का? ‘चायनीज डेमॉक्रसी’ तर २००८ सालचा, दहा वर्षांहून जास्त काळ रखडलेला, त्यावर कोट्यवधी डॉलर ओतल्याच्या बातम्या आलेला. सीए म्हणाला, “झाली असतील. तेव्हा आम्ही पाणी प्यायला गेलो होतो.”

ॲक्सल रोझला हे कळलं नसेल असं समजू नका. २०१६ साली स्लॅश परतला, तेव्हापासून जगभर दौरे चालू आहेत, मे २०२५ मध्ये मुंबईतही झाला. नवा स्टुडिओ अल्बम? सुटी गाणी तेवढी, तीही बहुतेक जुन्या कपाटातली. शहाणा माणूस आहे. गिऱ्हाईक कशाला पैसे देतं ते त्याला आमच्या चौघांकडे बघूनच समजलं असणार.

ब्लॅक सॅबथने तर याचं शास्त्रच करून दाखवलं. २०१३ साली ‘१३’ आला. गायक ऑझी परतला, ड्रमवाला बिल वॉर्ड मात्र कराराच्या भांडणात बाहेर राहिला. निर्माता रिक रुबिनचा आग्रह असा की १९७० सालच्या पहिल्या अल्बमसारखं वाजवा. त्यांनी वाजवलं. पावसाचा आवाजसुद्धा विसरले नाहीत. इंग्लंडात ‘पॅरॅनॉइड’नंतर पहिल्यांदा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत तर आयुष्यात पहिल्यांदाच. साठीतल्या माणसांनी आपल्याच विशीची झेरॉक्स काढली आणि जगाने ती मूळ प्रतीपेक्षा महाग घेतली. (मला ‘१३’ आवडतो. झेरॉक्स चांगल्या कागदावर आहे.) दहा वर्षांनी रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला तेव्हा समीक्षकांच्या कौतुकाचा सूर काय होता, आठवतंय? थेट जुन्या स्टोन्ससारखं वाटतं! म्हणजे ऐंशीच्या म्हाताऱ्याला शाबासकी कशाची, तर तो ऐंशीचा वाटत नाही याची. तो ऐंशीचा होऊन काय म्हणतो ते ऐकायला बसणारा मात्र कोणी नाही.

हा रोग विलायती असता तर मी एवढा जळफळलो नसतो. हा अस्सल घरचा आहे. वन्समोर हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला, पण त्याचं व्यसन पूर्णपणे आपलं. बालगंधर्वांचा आवाज उतरला, वय झालं, अंग जड झालं, तरी लोक त्यांच्याकडून तीच पदं मागत राहिले. त्याला आपण भक्ती म्हणतो. माझ्या मते तो छळ होता. माणूस समोर झिजतोय आणि आम्ही आमचं तारुण्य आठवतोय.

आणि नागपूरकरांना तर तोंडच नाही. डॉ. वसंतराव देशपांडे या शहरात वाढले. शंकरराव सप्र्यांकडे इथेच शिकले. मिलिटरी अकाउंट्समधली नोकरी करत, पठडीतल्या लोकांची नाकं मुरडलेली सोसत ते गात राहिले. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ सालचं, तेव्हा ते सत्तेचाळिशीत होते. म्हणजे ज्याला आपण आज दैवत म्हणतो तो माणूस घरोघरी पोचला तोच मुळी अर्ध्या वयानंतर. त्यांची ख्याती कशासाठी? एकच पद आज गायलं तसं उद्या गायचे नाहीत यासाठी. कुठली जागा कुठे घेतील ते साथीदारालाही ठाऊक नसायचं. अशा गायकाच्या नावाचं देखणं सभागृह आपण सिव्हिल लाइन्समध्ये बांधलं. आणि या शहरात गाण्याच्या नावाखाली आज जोमाने काय फोफावलंय? करावके. जिथे ट्रॅक एक मात्रासुद्धा हलत नाही, गाणाऱ्याने श्वास कुठे घ्यायचा हेही पडद्यावर रंग बदलून सांगितलं जातं, आणि माइकवर इको इतका की ‘मेरे’ म्हटलं की ‘रे रे रे’ ऐकू येतं.

माझा हाडांचा डॉक्टर अशाच एका ग्रुपमध्ये आहे. कोट शिवून घेतलाय, चंदेरी कॉलरचा. दर दोन महिन्यांनी कार्यक्रम असतो, किशोर किंवा रफी. निमंत्रण व्हॉट्सॲपवर येतं, फुलांच्या चौकटीत त्याचा फोटो, खाली ‘सुरेल नजराणा’. मी जातो. पहिल्या रांगेत बाकीचे तिघे असतात. डॉक्टर बरा गातो, खोटं कशाला बोलू. पण एकदा मी त्याला म्हटलं, अरे, एखादं गाणं कोणी न ऐकलेलं गा की. तो माझ्याकडे असा पाहू लागला की मी त्याला मांडी कापायला सांगितली असावी. “न ऐकलेलं? मग लोक ऐकतील कायले बे?”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. या विषयावर इतकं नेमकं मला अजून लिहिता आलेलं नाही.

धंतोलीबद्दलही सांगतो, कारण ‘इव्हॉल्व्ह’ लावला त्या दिवशी चौघांनी दुसरी सबब तीच दिली होती. आमच्या गल्लीत पूर्वी बंगले होते, पुढे अंगण, कडेला पारिजातक. आता डावीकडे हॉस्पिटल, उजवीकडे पॅथॉलॉजी, समोर औषधांची दोन दुकानं आणि नारळपाण्याची गाडी. एक्स-रेची मोठी पाकिटं बगलेत धरून नातेवाईक फाटकाशी उभे राहतात. कोणाची तरी गाडी दारात लावलेली असतेच. इथल्या पार्किंगचं भांडण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, यावरून काय ते समजा. तर प्रयोग पडायच्या सुमारास डॉक्टर म्हणाला, आवाज कमी कर, बाजूला पेशंट आहेत. बरोबर आहे. मी कमी केला. पाचव्या मिनिटाला गल्लीच्या तोंडावरून वरात गेली. ट्रकवर डीजे. कपाटातल्या काचेच्या बशा किणकिणल्या. डॉक्टर उठून खिडकीशी गेला आणि तालावर बोटं वाजवू लागला.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचं निदान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. दिवसा पन्नास डेसिबल, रात्री चाळीस. रात्री दहानंतर भोंगे बंद. सणासुदीला राज्य सरकारने वर्षाकाठी पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची सोय २००२ साली केली. कागद उत्तम आहे. त्या कागदाने पहिला बळी कोणाचा घेतला? मुंबईत धोबी तलावावरच्या रंगभवनचा. एका बाजूला सेंट झेवियर्स, जवळच कामा आणि जीटी हॉस्पिटल. उघड्यावरचं ते नाट्यगृह, जिथे १९८६ पासून फरहाद वाडियाचा इंडिपेंडन्स रॉक भरायचा, देशभरची पोरं वर्षातून एकदा आपापली गाणी घेऊन यायची. तिथला आवाज बंद झाला. कायदा होता, पाळला गेला, माझी तक्रार नाही. पेशंटला झोप हवीच. माझं म्हणणं एवढंच की तोच कायदा वरातीच्या ट्रकला कधी आडवा येत नाही, यशवंत स्टेडियमवर हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्च्यांचे भोंगे लागतात तेव्हा येत नाही. ज्यांच्या मागे कोणी नाही त्यांना गप्प करणं सोपं असतं, आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्या पोरांच्या मागे कोण होतं? आम्ही. म्हणजे कोणीच नाही.

आता ‘इव्हॉल्व्ह’ची बाजू घेतोय म्हणून तो निर्दोष ठरवतो असं नाही. मला त्यातले शब्द जरा धुरकट वाटतात. मुंबईत राहणाऱ्या माणसांनी लिहिलेली ही गाणी लंडनमध्ये लिहिली असती तरी चाललं असतं. मिक्सिंग इतकं गुळगुळीत आहे की कधीकधी वाटतं, महेशरावांनी एखादी तार तुटू द्यायला हवी होती. दोन गाणी अर्ध्या मिनिटाने आखूड झाली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण ही तक्रार करायची तर अल्बम आधी ऐकावा लागतो. माझ्या ओळखीत इंडस क्रीडचे ‘जुने भक्त’ म्हणवणारे निदान वीस तरी आहेत. त्यांतल्या किती जणांनी आठही गाणी सलग ऐकली असतील? मी धरून दोन. दुसरा माझा मुलगा, आणि त्यालाही मी गाडीतून उतरू दिलं नाही म्हणून.

एक जुना प्रश्नही या निमित्ताने हमखास येतो : आपली माणसं आणि इंग्रजीत कशाला गातात? तिनईकरांनी मराठीत वाजवावं, बेनेगलने कोकणीत गावं. हा प्रश्न त्या दिवशीही आला, आणि विचारणारा होता डॉक्टर, ज्याने तीस वर्षांत एक चिठ्ठी मराठीत लिहिलेली नाही. त्याच्या पाटीवर मराठी फक्त कायद्याने आहे तेवढीच. सीएच्या मुली पुण्यात इंग्रजीत भांडतात. पण बँडने मात्र मातृभाषेची लाज राखावी! बरं, उद्या मराठीत रॉक आला तर हे ऐकतील? तोही नवाच असणार. म्हणजे पुन्हा चटणी.

कबुली द्यायची तर मीही पहिल्यांदा ‘इव्हॉल्व्ह’ लावला तेव्हा आतून ‘प्रिटी चाइल्ड’च शोधत होतो. सापडलं नाही म्हणून हिरमुसलो. दुसऱ्यांदा ऐकला तो केवळ पैसे दिले होते म्हणून. तिसऱ्यांदा वर्धा रोडवर गाडी अडकली होती, बुटीबोरीकडून येताना, आणि पाचवं-सहावं गाणं अंधारात ऐकताना एकदम लक्षात आलं की हा माणूस माझ्याच वयाचा आहे. याला झोप लागत नाही, यालाही परत जायला जागा नाही, आणि हे तो विशीतल्या पोराचं सोंग न घेता सांगतोय. त्या रात्रीनंतर मला जुनी कॅसेट बालिश वाटायला लागली. गोड आहे, ठेवलीय, पण बालिश. तीन वेळा ऐकावं लागलं, एवढंच काय ते भांडवल. आमच्या चौघांकडे चार मिनिटं होती.

तरी हे चौघेच चारचौघांत सुस्कारे सोडतात : आजकाल काही चांगलं निघतच नाही रे, आपल्या वेळी काय संगीत होतं! आपल्या वेळचीच माणसं तुमच्या दारात नवं घेऊन उभी होती, तेव्हा तुम्ही पाणी प्यायला गेला होतात.

पुढच्या महिन्यात डॉक्टरचा पुन्हा कार्यक्रम आहे. मी जाणार, पहिल्या रांगेत बसणार, टाळ्याही वाजवणार. पण त्याने आणि इतर तिघांनी, आणि तुम्हीही, इंडस क्रीडचं नाव पुन्हा काढण्याआधी एक करा. ‘इव्हॉल्व्ह’ शोधा, ‘फायरफ्लाइज’पासून सुरू करा, आणि आठवं गाणं संपेपर्यंत चटणी मागू नका.